फिल्टरवाल्याचा दिवस

पहाटे साडेपाच. शिवडीच्या आमच्या चाळीत पाण्याची वेळ. पहिली बादली गढूळसर येते, ती धुण्याला. रात्रभर पाइप रिकामा पडला की फुटक्या जोडातून बाहेरची घाण आत शिरते आणि पाणी सुटलं की तीच आधी बाहेर पडते. पुढच्या हंड्याला क्लोरिनचा वास. आई नाक मुरडते, मला बरं वाटतं. वास आहे म्हणजे एवढा पाइप तुडवून आलेल्या पाण्यात जंतू मारायची ताकद अजून शिल्लक आहे. तरी आई पिण्याचं पाणी उकळतेच. खळखळून उकळी आली की मिनिटभर पुरे, ती दहा मिनिटं गॅस जाळते. मी काही बोलत नाही.

साडेनऊ. बॅगेत मेम्ब्रेन, पाने, टेप आणि टीडीएस मीटर. टी. जे. रोडच्या टॉवरमधल्या काकूंचं आरओ मशीन कुरकुरतंय. मीटर नळाच्या पाण्यात बुडवलं: ६८. मशीनच्या पाण्यात: ९.

“नऊ म्हणजे शुद्ध ना रे?”

“काकू, नऊ म्हणजे क्षार कमी. जंतू या मीटरला दिसतच नाहीत.”

हे मला दिवसातून कितीदा सांगावं लागतं! मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते बघतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. गटाराचं पाणी मिसळलेल्या ग्लासातही आकडा छान येऊ शकतो. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतचे क्षार चालतात. मुंबईला पाणी येतं ते तानसा, वैतरणा, भातसा अशा पावसाने भरणाऱ्या तलावांचं, मुळातच हलकं. तानसाचं तर १८९२ पासून. अशा पाण्याला आरओ लावायचा म्हणजे एक लिटर प्यायला दोन-तीन लिटर मोरीत सोडायचे. जिथे टीडीएस ५०० च्या आत आहे तिथे आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सरकारला बजावलं होतं. मशीनं मात्र विकली जातातच, आणि ती बिघडतात म्हणून माझी चूल पेटते. काकूंचं मशीन दुरुस्त केलं, पैसे घेतले. वरची टाकी शेवटची कधी धुतली, हेही विचारलं. त्यांना ठाऊक नव्हतं.

साडेअकरा. खालच्या मजल्यावर एक विक्रेता माझ्या आधीच पोचलेला. दोन ग्लास, एकात नळाचं पाणी, एकात आरओचं. दोन्हींत लोखंडी कांड्या असलेलं यंत्र सोडून त्याने बटण दाबलं. नळाच्या पाण्यात तपकिरी फेस, मग चिखलासारखा गाळ. आरओचं पाणी जसंच्या तसं. घरातल्या वहिनींनी तोंडावर पदर धरला. “हे पीत होतो आम्ही?” अहो, तो गाळ कांडीच्या लोखंडाचा. क्षार असतील तर वीज वाहते, लोखंड झिजून पाण्यात उतरतं. आरओच्या पाण्यात क्षारच नाहीत, मग वीज वाहणार कशी? मी चिमूटभर मीठ मागून त्या ‘शुद्ध’ ग्लासात टाकलं, म्हटलं आता दाबा बटण. तपकिरी! विक्रेत्याने सामान आवरलं.

दीड. नाक्यावर वडापाव. हॉटेलवाला पोराला म्हणतो, “साहेबांना मिनरल दे.” हातात येते ती साधी शुद्ध केलेली बाटली. खरं मिनरल वॉटर झऱ्याचं किंवा जमिनीखालच्या स्रोताचं, तिथेच भरलेलं. त्याचं मानक आयएस १३४२८, आपल्या रोजच्या बाटलीचं आयएस १४५४३. कोपऱ्यातल्या वीस लिटरच्या थंडगार जारवर सील नाही, नंबर नाही, कुणी कुठे भरला याचा पत्ता नाही. मी नळाचंच मागितलं.

चार. बंदराकडच्या गोदामात बोअरचं पाणी. मीटर १,७५० दाखवतं. समुद्र हाकेच्या अंतरावर, जमिनीत खार मुरलेला. जुनं मेम्ब्रेन कापून बघितलं तर आत पांढरी खरड, नखाने सुटत नाही. इथे उकळून उपयोग शून्य: जंतू मरतील, मीठ तसंच राहील. आरओची गरज असते ती अशा ठिकाणी. गोदामाच्या मालकाला मात्र मशीन महाग वाटतं, आणि टॉवरमध्ये प्रत्येक घरी एकेक!

साडेसात. चाळीत परत. शेजारचे आजोबा दारातच.

“आपल्याला पण एक मशीन बसव रे.”

“नको आजोबा. टाकी धुऊन घेऊ, झाकण घट्ट बसवू. उकळायचा कंटाळा आला तर साधा यूव्हीवाला फिल्टर लावू, जंतूंना तो पुरेसा आहे.”

“असं सगळ्यांना सांगत फिरलास तर खाशील काय?”

“मे महिन्यात टॉवरमध्ये टँकर येतात ना,” म्हटलं, “त्या पाण्याचा आकडा बघा एकदा.”