परावर्तित किरणाची साक्ष

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव पाणलोटाच्या कामामुळे सर्वतोमुखी झाले. परंतु शेतकऱ्यांना रात्रीऐवजी दिवसा वीज मिळावी या हेतूने 2017 साली राज्य सरकारने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना हाती घेतली, तेव्हा तिच्या पहिल्या प्रायोगिक गावांत यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबीबरोबर राळेगणसिद्धीचीही निवड झाली, हे तितकेसे कोणाच्या ध्यानात नाही. या योजनेत वीज देणाऱ्या सोलर पॅनेलच्या निळसर झाकेमागे परावर्तनाचाच हिशेब आहे. उघडे सिलिकॉन आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी तीस टक्क्यांहून अधिक भाग परत फेकते. म्हणून सिलिकॉन नायट्राइडचा सुमारे 75 नॅनोमीटर जाडीचा लेप देऊन ही तूट भरून काढावी लागते. भौतिकशास्त्रज्ञाला मात्र हाच परतलेला प्रकाश पदार्थाच्या अंतरंगाचा अस्सल दाखला वाटतो.

आपतन कोन आणि परावर्तन कोन समान असतात, हा नियम आपण शाळेत शिकलो. तो रेखाकिरणापुरता खरा आहे; पण प्रत्यक्षातील किरणशलाकेला रुंदी असते, आणि ती जिथे पडली त्या बिंदूपासून किंचित सरकून परतते. 1947 साली गूस आणि हेन्शेन या जर्मन शास्त्रज्ञांनी हे पुढचे सरकणे मोजले. ती आडवीही सरकते, असे भाकीत फेडोरोव्ह यांनी 1955 साली केले व इम्बेर यांनी ते 1972 मध्ये प्रयोगाने पडताळले. वर्तुळ-ध्रुवित प्रकाशापाशी कोनीय संवेग असतो. दिशा बदलताना त्याचा जमाखर्च जुळावा लागतो, आणि म्हणून वामावर्त व दक्षिणावर्त प्रकाश परस्परविरुद्ध बाजूंना सरकतात.

पॅनेलमधील सिलिकॉनच्या चकतीत अणूंचे पाच लाखांहून अधिक थर एकावर एक असतात. त्यांपैकी एकच थर षट्कोनी जाळीच्या रूपात सुटा झाला, तर त्याला सिलिसीन म्हणतात. 2012 साली तो चांदीच्या पृष्ठावर तयार करण्यात आला. ग्राफीनची जाळी सपाट असते, सिलिसीनची मात्र किंचित दुमडलेली; एकाआड एक अणू वरखाली असल्याने जाळीला काटकोनात विद्युत् क्षेत्र लावून तिच्या इलेक्ट्रॉनांची व्यवस्था बदलता येते. ही व्यवस्था संस्थितीची (टोपॉलॉजीची) आहे. लाखेची बांगडी कितीही दाबली, तरी मोडल्यावाचून तिचे एक भोक नाहीसे होत नाही. तद्वतच या पदार्थांच्या इलेक्ट्रॉन-अवस्थांना एक पूर्णांक चिकटलेला असतो, आणि ऊर्जा-पट्टांमधील फट मिटून पुन्हा उघडल्याखेरीज तो बदलत नाही. असल्या संस्थितीच्या सिद्धांतासाठीच थाउलेस, हॉल्डेन व कोस्टरलिट्झ यांना 2016 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

लॉस अलामॉस या अमेरिकी प्रयोगशाळेतील कॉर्ट-कॅम्प यांनी 2017 मध्ये असे दाखवून दिले, की विद्युत् क्षेत्र आणि वर्तुळ-ध्रुवित लेसर यांच्या योगे सिलिसीनसारख्या पत्र्याला एका अवस्थेतून दुसरीत नेले असता परावर्तित शलाकेचे आडवे सरकणेही त्या पूर्णांकाबरहुकूम बदलले पाहिजे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांच्या गटाने व सहकाऱ्यांनी 2022 मध्ये एकमेकांवर अल्प कोनाने फिरवलेल्या ग्राफीनच्या द्विस्तरांत असेच संस्थिती-स्थित्यंतर टिपले. पण त्यासाठी तारा जोडून विद्युत्प्रवाहाची साक्ष काढावी लागली. प्रकाशाची पद्धत त्याहून स्वच्छ, कारण तीत नमुन्याला हात लावावा लागत नाही. आणि मला तिचे मोल याचसाठी फार वाटते.

अडचणी आहेत. सिलिसीन उघड्या हवेत टिकत नाही, आणि हे सरकणे प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही पुष्कळदा लहान असते. तथापि 2008 साली होस्टन आणि क्वियाट यांनी जवळजवळ काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांच्या युक्तीने काचेवरचे असे सरकणे सुमारे दहा हजार पटीने वाढवून, एक अँगस्ट्रॉम इतक्या सूक्ष्म अंतरापर्यंत मोजून दाखविले. त्या प्रयोगाचे साधे रूप लेसर, लोलक, दोन चांगले ध्रुवक आणि एक कॅमेरा एवढ्या सामग्रीवर उभे राहते. अहिल्यानगर जिल्ह्यातील विज्ञान महाविद्यालयांनी ते आपल्या पदव्युत्तर प्रयोगशाळेत अवश्य मांडावे.