नव्या रिंगांचे पहिले तास

इंजिनाचं शेवटचं घासकाम वर्कशॉपमध्ये होत नाही. ते रस्त्यावर होतं, आणि इंजिन ते स्वतःच करतं. बोअर झालं, क्रँक ग्राइंड झाला, नव्या रिंगा पडल्या, हेड आवळलं, मिस्त्रीचे पैसेही चुकते झाले, तरी त्या घटकेला काम अर्धंच झालेलं असतं. उरलेलं अर्धं पुढच्या काही तासांत उरकतं. तेवढ्यात ते साधलं नाही, तर पुन्हा हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

उदाहरणाला शेव्हरोलेचं २१६ घेऊ. २१६ घन इंच म्हणजे साधारण साडेतीन लिटर. एका रांगेत सहा सिलिंडर, पेट्रोलवर चालणारं, ८५-९० हॉर्सपॉवरचं. १९३७ ते १९५३ या काळात शेव्हरोलेच्या असंख्य ट्रकांत हे इंजिन होतं. अमेरिकेत त्याच्या घराण्यालाच ‘स्टोव्हबोल्ट’ म्हणत. आपल्याकडेही ते परकं नाही. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला, तो १९५४ पर्यंत चालला. दुसऱ्या महायुद्धात कॅनडात बनलेले शेव्हरोलेचे लष्करी ट्रक हेच इंजिन घेऊन हिंदुस्थानात उतरले आणि युद्ध संपल्यावर डिस्पोजलमधून मालवाहतुकीला लागले. त्यांतला एखादा आज कुणा हौशी माणसाच्या शेडमध्ये उभा असतो आणि मालक त्याचं फुल इंजिन काम काढतो.

अशा इंजिनाचं नुकतंच होनिंग झालेलं सिलिंडर बॅटरीच्या उजेडात बघावं. ते आरशासारखं चकचकीत असेल अशी आपली समजूत. असतं मात्र करडं, मंद. तिरक्या रेषांची एक जाळी एका बाजूने वर चढते, दुसरी तिला छेदून खाली उतरते. या रेषा नखाला जेमतेम जाणवतात. खोली मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजायची. गुळगुळीत करता येत असताना मुद्दाम ओरखडे पाडायचे, यात जात्याला टाकी लावण्याचंच तर्कशास्त्र आहे. गुळगुळीत जातं दळत नाही, आणि गुळगुळीत भिंत रिंगेला घासत नाही. खाचांच्या मधले उंचवटे आणि रिंगेची कड एकमेकांना झिजवतात. उंचवट्यांचे माथे सपाट होतात, रिंग भिंतीला सगळीकडून चिकटून बसते, आणि तळाशी उरलेल्या खाचा पुढे आयुष्यभर ऑईल धरून ठेवतात. टाकी लावल्यावरचं पहिलं दळण कचकचतं म्हणून टाकून देतात ना, तसंच इथलं पहिलं ऑईलही लवकर काढून टाकायचं. त्यात लोखंडाची चंदेरी भुकटी तरंगताना दिसते.

आता खरी गंमत. रिंगेला भिंतीवर दाबतं कोण? रिंग स्वतः थोडी ताणलेली असते, पण तिचा जोर किरकोळ. पेट्रोल पेटलं की वायू रिंगेच्या वरच्या बारीक फटीतून पिस्टनच्या खाचेत शिरतो, रिंगेच्या पाठीमागे जातो आणि मागून तिला बाहेर रेटतो. म्हणजे ज्या स्फोटाला रिंगेने अडवायचं, तोच स्फोट तिला अडवायचं बळ देतो. ही युक्ती सुचली त्या माणसांना माझा नमस्कार.

त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र आपल्या संस्कारांच्या उलटा आहे. ‘इंजिन नवं आहे, जरा जपून, हळूहळू चालव’ हा सल्ला घराघरांत मिळतो आणि तो निम्मा चुकीचा आहे. भार नाही तर दाब नाही. दाब नाही तर रिंग भिंतीवर नुसती सरकते. नवं इंजिन कौतुकाने तासन्‌तास न्यूट्रलला घुर्र करत ठेवलं, की भिंतीवरचं ऑईल तापून त्याचा कडक, काचेसारखा थर बसतो आणि खाचा बुजतात. तो थर बसला की रिंगा बसायचं राहून जातं. इंजिन ऑईल पीत राहतं, सायलेन्सरमधून निळा धूर सोडतं, आणि मालक मिस्त्रीला शिव्या घालतो.

म्हणून गाडी गरम झाली की थेट मोकळ्या रस्त्यावर काढायची. तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर ठामपणे दाबून वेग वाढवायचा, मग पाय पूर्ण उचलून गाडीला इंजिनाच्या ओढीनेच मंद होऊ द्यायचं. पुन्हा दाबायचं, पुन्हा सोडायचं. दाबल्यावर रिंगा रेटल्या जातात. पाय उचलला की सिलिंडरमध्ये निर्वात ओढ तयार होते, ती खालचं ऑईल वर खेचते, आणि भुकटी धुऊन निघते. भार द्यायचा, पण कण्हू द्यायचं नाही: वरच्या गिअरमध्ये अगदी कमी वेगावर रेटायचं नाही, आणि इंजिन किंचाळेपर्यंत पळवायचंही नाही. माल भरून खंडाळ्याचा घाट पहिल्याच दिवशी तर नकोच.

नको, कारण २१६ च्या कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं. ती आजच्यासारखी बदलता येणारी पातळ पत्र्याची नाहीत. रॉडच्या मोठ्या डोळ्यातच बॅबिट ओतलेलं असतं. हा कथिलप्रधान मऊ मिश्रधातू आयझॅक बॅबिटने १८३९ साली काढला. मऊपणा हाच त्याचा गुण: ऑईलमधून आलेला कण तो पोटात घेतो, क्रँकला ओरखडा पडू देत नाही. आणि या बेअरिंगांना ऑईल पोहोचवायची तऱ्हा तर बघण्यासारखी! रॉडच्या तळाशी एक छोटी पळी असते. इंजिनाच्या तळच्या चेंबरमध्ये प्रत्येक रॉडखाली ऑईलची पन्हळ. पळी दर फेऱ्याला त्यात बुडते आणि ऑईल उचलून बेअरिंगमध्ये ढकलते. वेग वाढला की नोझलमधून येणारी ऑईलची धार थेट त्या गरगरणाऱ्या पळीवर आदळते. इंजिन बांधताना गेज लावून या नोझलांचा नेम धरावा लागतो. नेम चुकला तर तो रॉड उपाशी मरतो. मुख्य बेअरिंगांना पंपाचं ऑईल मिळतं, पण तेही बेताच्या दाबाने. गेजचा काटा पंधरा पौंडांच्या आसपास रेंगाळतो आणि आजच्या गाड्यांची सवय असलेला माणूस घाबरतो.

घाबरायचं कारण नाही, हे सांगणारा पुरावा १८८३ चा आहे. इंग्लंडमध्ये बोशॅम्प टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या आसांची बेअरिंगं तपासत होता. आसाचा खालचा भाग ऑईलमध्ये बुडालेला, वर बेअरिंग, बेअरिंगच्या माथ्यावर वंगण सोडायला पाडलेलं भोक. आस फिरायला लागला आणि त्या भोकातून ऑईल उलटं वर यायला लागलं. टॉवरने बूच ठोकलं, मग लाकडी खुंटी ठोकली. खुंटी हळूहळू वर सरकत बाहेर आली. तिथे गेज लावला तर काटा बेअरिंगवरच्या सरासरी दाबाच्या दुपटीपुढे गेला. पंप कुठेच नव्हता! १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने गणित मांडलं: फिरणारा आस ऑईलला ओढून निमुळत्या फटीत कोंबतो, आणि कोंबलेलं ऑईल आसाला उचलून धरतं. म्हणजे चालू इंजिनात क्रँक बेअरिंगवर टेकलेलाच नसतो. केसाहून पातळ थरावर तो तरंगत असतो. पंपाने किंवा पळीने फक्त ऑईल हजर करायचं, उचलायचं काम क्रँकचं क्रँक करतो.

धोका असतो तो सुरू होताना, आस अजून टेकलेला असताना. म्हणून बांधलेलं इंजिन पहिल्यांदा चालू करायच्या आधी डिस्ट्रिब्युटर काढून, त्या भोकातून लांब स्क्रूड्रायव्हर घालून ऑईल पंप फिरवतात, आणि गेजचा काटा हलला की मगच स्टार्टरला हात लावतात.

रिंगा बसल्या की टॅपेट. वरचं झाकण काढून इंजिन मंद चालू ठेवा आणि पुशरॉडकडे टक लावून बघा. ते वरखाली होता होता सावकाश स्वतःभोवती फिरतात. खालचा टॅपेट कॅमवर गोल फिरत असतो, त्याने झीज एकाच जागी पडत नाही. जो फिरत नाही, त्याचा कॅम लवकरच खलास होणार. गरम इंजिनावर व्हॉल्व्हची फट इनलेटला ६ थाऊ आणि एक्झॉस्टला १३ थाऊ ठेवायची; थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जास्त तापतो, जास्त लांबतो, म्हणून त्याला दुप्पट ढिलाई. फट संपली तर व्हॉल्व्ह सीटवर नीट टेकत नाही, आणि टेकल्याशिवाय त्याची उष्णता उतरत नाही. मग तो जळतो. टॅपेट थोडा वाजलेला बरा, असं जुने मिस्त्री म्हणतात ते याचसाठी. पहिले काही दिवस इंजिन तापून निवल्यावर हेडचे बोल्टही टॉर्क रेंच लावून तपासावेत, कारण गॅस्केट दबत जातं.

ऑईलच्या डब्यावरही नजर हवी. अशा कॅम-टॅपेटला वाचवणारा जस्त-फॉस्फरसचा घटक पेट्रोल गाड्यांच्या आधुनिक ऑईलमध्ये कमी केलेला आहे, कारण तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बाधतो. डिझेल ट्रकच्या ऑईलमध्ये तो साधारणपणे जास्त असतो, म्हणून बरेच जुने शौकीन तेच घालतात. या इंजिनाला ऑईल फिल्टर मुळात ऐच्छिक होता, तेव्हा दर दीड हजार किलोमीटरला ऑईल बदली केलेली परवडते. आणि इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा जुना रबरी पडदा गळायला लागतो. नव्या जातीचा रबर आधीच घालून घ्यावा.

राहता राहिलं गाडी उभी ठेवणं. महिन्यातून एकदा अंगणात पाच मिनिटं चालू करून बंद करणारे बरेच जण आहेत, आणि मला ती सेवा वाटत नाही, छळ वाटतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. थंड इंजिनात त्यातली थोडी वाफ रिंगांपलीकडे उतरते आणि चेंबरमध्ये गार होऊन ऑईलमध्ये मिसळते. अर्धा-पाऊण तास गाडी चांगली पळवली तरच ती उडून जाते. पावसाळ्यात ते जमणार नसेल तर गाडीला हातच लावू नये: ऑईल बदलून, प्लग काढून, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल सोडून हँडलने चार फेरे द्यावेत, प्लग परत लावावेत आणि बॅटरीची वायर सोडून ठेवावी.