चोहोंकडून ऐकूं येणारी बैठक

शब्द हा आकाशाचा गुण आहे, असें आपले नैयायिक मानीत आले. आधुनिक पदार्थविज्ञानास हें मत मान्य नाहीं; त्याच्या मतें ध्वनि म्हणजे हवेचा कंप. परंतु ज्यानें जुन्या घराच्या ओटीवर बसून रात्रभर गाणें ऐकलें आहे, त्याला नैयायिकांचें म्हणणें अगदींच टाकाऊ वाटणार नाहीं. गाणें निघतें गवयाच्या मुखांतून खरें. पण ऐकूं येतें तें चोहोंकडून. तें भिंतीवरून परततें, तुळयांत घुमतें, मागल्या पडवींतून कोणाची तरी 'वाहवा' येऊन त्यांत मिळते. मायक्रोफोनाच्या एका छिद्रांतून तें फितींत शिरलें कीं आकाश गळून पडतें, आणि गवई, तबलजी, खोकणारा शेजारी व बाहेरची मोटार, सर्वजण एकाच भोंकांतून बाहेर येऊं लागतात.

हें आकाश थोडेंबहुत परत मिळवितां येईल काय, हा या लेखाचा विषय आहे. परदेशांत या खटपटीस बरींच वर्षें लोटलीं. अमेरिकेंतील 'ग्रेटफुल डेड' या वाद्यवृंदानें तर १९८४ सालापासून स्वतःचें यंत्र घेऊन येणाऱ्या श्रोत्यांना बसावयास वेगळी जागाच नेमून दिली. अशा श्रोत्यांनीं एकाच रात्रीं निरनिराळ्या जागीं केलेलीं मुद्रणें पुढें एकत्र जुळवून, श्रोत्याच्या पुढें-मागें ठेवलेल्या पांच-सहा स्पीकरांतून तीं वाजविण्याचा छंद तिकडे वाढला. त्यांचें संगीत आपणांस रुचो वा न रुचो. त्यांच्या युक्तीची गरज त्यांच्यापेक्षां आपल्याला अधिक आहे.

कारण उघड आहे. १९०२ सालीं कलकत्त्यास गोहरजानचें गाणें तबकडीवर घेतलें गेलें, तेव्हांपासून आपल्या गवयांना तीन-साडेतीन मिनिटांच्या चौकटींत बसविण्याचा उद्योग सुरू झाला. कित्येक त्या चौकटींत बसलेच नाहींत. भास्करबुवा बखले १९२२ सालीं गेले, अल्लादियाखां १९४६ सालीं गेले. दोघांचाहि आवाज आज ऐकावयास मिळत नाहीं. केसरबाई केरकरांच्या भैरवीची तबकडी १९७७ सालीं 'व्हॉयेजर' यानांवरून तारकामंडलाच्या वाटेला लागली. पण तीहि अवघ्या साडेतीन मिनिटांची! तास दीड तास रंगणारा ख्याल जपून ठेवला तो मुख्यतः हौशी रसिकांनीं. प्रथम स्पूलच्या जड यंत्रांवर, आणि १९६३ सालीं फिलिप्सची कॅसेट निघाल्यानंतर हळूहळू खिशांत मावणाऱ्या यंत्रांवर. गिरगांवांतील लक्ष्मीबाग, कोल्हापूरचा देवल क्लब, १९५३ पासून चालत आलेला पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव, आणि गांवोगांवचे गणेशोत्सव: या सर्वांच्या फिती घरोघरीं ट्रंकांत पडून आहेत. आमच्या पनवेलींतहि तेंच. येथें जुने वाडे पाडून उंच इमारती उठत आहेत, आणि वाडा रिकामा होतांना पितळेचीं भांडीं मोजून घेतलीं जातात. फितींचा डबा मात्र भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतो. ज्या डब्यांना गाडी चुकली, त्यांना कोंकणांतला पाऊस चुकत नाहीं. दमट हवेनें फितीला बुरशी येते, थर एकमेकांस चिकटतात, आणि एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटून गवयाच्या षड्जापूर्वींच त्या षड्जाचें भूत कानीं पडतें.

माझा एक जुना विद्यार्थी मुंबईस चित्रपटांचें ध्वनिसंयोजन करतो. त्याच्याकडे गेल्या वर्षीं एकाच बैठकीच्या दोन कॅसेटी आल्या. बैठक भाद्रपदांतली, एका घरच्या गणपतीपुढची, लाउडस्पीकर न लावतां झालेली. एक कॅसेट पहिल्या ओळींत बसलेल्या गृहस्थांनीं भरलेली, दुसरी मागच्या पडवींत, खांबाच्या आडोशाला. पहिलींत गळा स्वच्छ, तबला मात्र अंगावर येणारा. दुसरींत गळा दूर, पण सर्व घर घुमतें आहे, माणसें दाद देत आहेत, आणि कौलांवर पाऊस वाजतो आहे.

या दोन कॅसेटी एकदम लावल्या कीं झालें, असें कोणास वाटेल. तसें होत नाहीं. पहिली अडचण वेगाची. कोणत्याहि दोन यंत्रांचा वेग सारखा नसतो. वेग शेंकडा सहानें वाढला तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वरानें चढतो; काळी एकचा गवई काळी दोनच्या दिशेनें निघतो. शेंकडा सव्वा टक्का चढला तरी ८१/८० हें गुणोत्तर होतें, म्हणजे प्रमाणश्रुतीचा फरक पडतो. येथें मला नाट्यशास्त्राचा २८ वा अध्याय आठवला. सारख्या जुळविलेल्या दोन वीणा घेऊन, एकीस न हलवितां दुसरीचा पंचम एका श्रुतीनें उतरवावा आणि मग बाकीचे स्वर त्याच्या अनुरोधानें लावावे, असा श्रुति मोजण्याचा जो प्रयोग भरतानें सांगितला, त्यांतील स्थिर वीणेस व फिरत्या वीणेस शार्ङ्गदेवानें पुढें ध्रुव आणि चल अशीं नांवें दिलीं. माझ्या विद्यार्थ्यानें नकळत तेंच केलें. पुढची कॅसेट ध्रुव मानली, मागची चल. आणि तंबोऱ्याचा षड्ज दोहोंत मिळेपर्यंत चल कॅसेटीचा वेग संगणकावर बदलीत गेला. पण ध्रुव तरी खरी ध्रुव कशावरून? सुदैवानें त्या रात्रीं साथीला वाजलेली पेटी त्या घरीं अजून आहे. तिचा षड्ज मोजून पाहिला, तेव्हां ध्रुव कॅसेटहि किंचित् चढी निघाली. दोन्ही उतरवाव्या लागल्या.

बरें, वेग एकदां जुळवून भागत नाहीं. बॅटरी उतरत गेली कीं भरतांना यंत्र मंदावतें, आणि तीच फीत नीट चालणाऱ्या यंत्रावर लावली कीं सूर चढत जातो. म्हणून दर अर्ध्या-एका मिनिटास सम गांठून दोन्ही फिती पुन्हां बांधाव्या लागतात. समेवरचा 'धा' ही येथें खुणेची खुंटी. आजकालच्या अंकीय यंत्रांतहि हा दोष समूळ गेलेला नाहीं: दोन यंत्रांच्या घड्याळांत दशलक्षांत पन्नास भागांचा फरक असला, तर तासाभरांत एका सेकंदाचा सुमारें पांचवा भाग अंतर पडतें, आणि द्रुत लयींत तेवढ्यानें दोन तबलजी वाजत असल्याचा भास होतो.

दुसरी अडचण अंतराची, आणि तींतच सारी गंमत आहे. ध्वनि आपल्याकडच्या हवेंत सेकंदास सुमारें ३४५ मीटर जातो. मागची कॅसेट पुढचीहून सुमारें १२ मीटर दूर होती; म्हणजे गवयाचा सूर तेथें सेकंदाच्या तिसाव्या हिश्शानें उशिरा पोंचला. प्रथम हा उशीर काढून दोन्ही मुद्रणें तंतोतंत जुळवावयाचीं, आणि मग तोच उशीर जाणून बुजून परत घालावयाचा! हा द्राविडी प्राणायाम कशासाठीं? हेल्मुट हास या जर्मन संशोधकानें १९४९ सालीं दाखवून दिलें कीं, एकच ध्वनि दोन जागांहून थोड्या अंतरानें आला, तर जो आधीं पोंचतो त्याचीच दिशा कान धरतो. मागाहून येणारा ध्वनि वेगळा ऐकूं न येतां पहिल्याला भरदारपणा देतो. म्हणून गवई समोरच बसलेला राहतो आणि घर त्याच्या भोंवतीं उभें राहतें. हींच दोन मुद्रणें एका स्पीकरांत कालविलीं असतीं तर उलट झालें असतें. कांहीं कंप एकमेकांस मारून टाकतात, आणि गळा नळींतून आल्यासारखा पोकळ होतो. दोन्ही मुद्रणें वेगळ्या स्पीकरांना वेगळीं द्यावयाचीं, हें या विद्येचें पहिलें सूत्र.

स्पीकर मांडण्याचीहि एक सर्वमान्य रीति आहे. एक बरोबर समोर, दोन डाव्या-उजव्या बाजूस ३० अंशांवर, आणि दोन कानांच्या किंचित् मागें, सुमारें ११० अंशांवर. शिवाय खर्जासाठीं एक. १९७५ सालीं 'शोले'च्या ७० मिलिमीटर प्रतींनीं थिएटरांत जें केलें, तें आतां दिवाणखान्यांत होऊं शकतें. येथें पहिल्या ओळीची कॅसेट समोरच्या स्पीकरांस दिली, पडवींतली मागच्या दोहोंस. मागची कॅसेट एकसुरी, म्हणजे एकाच मायक्रोफोनाची असल्यामुळें डावें-उजवें तींत मुळींच नाहीं. दोन मागच्या स्पीकरांत थोडा भेद संगणकानेंच उत्पन्न करावा लागला. हा भाग प्रक्षिप्त आहे, आणि तो प्रक्षिप्त म्हणून सांगितला पाहिजे.

या मुद्द्यावर आम्हां दोघांत बरीच वादावादी झाली. भांडारकर संस्थेनें १९१९ ते १९६६ या काळांत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, तेव्हां सुकथनकरादि पंडितांनीं शेंकडों पोथ्या ताडून पाहिल्या. पण कोणता पाठ कोठला हें तळटीपेंत दिल्यावांचून एक अक्षर बदललें नाहीं. फितींचेंहि असेंच असावें, असा माझा आग्रह. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते, आणि ती बहुधा ऐन रंगांत संपते. पुढची कॅसेट उलटतांना द्रुताचीं दोन आवर्तनें गळालीं होतीं. मागच्या गृहस्थांनीं आपली कॅसेट सात मिनिटें उशिरा लावली असल्यामुळें तीं तिच्यांत सांपडलीं. एका पोथीचें त्रुटित दुसरीनें भरून निघालें. तेथें आवाज एकदम दूर जातो. विद्यार्थी तो सांधा झांकूं पाहत होता. मीं झांकूं दिला नाहीं. पावसाविषयींहि तसेंच. त्याला तो गोंगाट वाटत होता व काढतांहि आला असता. पण त्या रात्रीं पाऊस होता, आणि गवयानें मल्हाराची चीज त्याच्याकडे पाहूनच घेतली असावी. पाऊस मागल्या स्पीकरांत राहिला. खोकला मात्र कमी केला. एवढी सवलत चिकित्सेस द्यावयास हरकत नसावी.

उरला प्रश्न अधिकाराचा, आणि तो सर्वांत नाजूक. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९९४ सालीं दुरुस्ती होऊन गायकवादकांचा आपल्या प्रयोगावरील हक्क मान्य झाला. १९९९ सालीं त्याची मुदत पन्नास वर्षें झाली. आणि २०१२ पासून, आपलें गाणें विकृत करून कोणी कीर्तीस बाध आणूं नये, हाहि हक्क कलावंतास मिळाला. स्वतः घरीं ऐकण्यासाठीं, अथवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठीं मुद्रण करण्यास कायद्याची आडकाठी नाहीं. वांटण्यास व विकण्यास आहे. कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. गवई खाजगी बैठकींत जे धोके पत्करतो, ते तबकडीसमोर पत्करीत नाहीं. एखादी तान फसते, आवाज चिरकतो. समोरच्या पन्नास माणसांवर विश्वास असतो म्हणूनच तो तेथवर जातो.

या गवयाची कन्या पुण्यास असते. जुळविलेलें गाणें घेऊन आम्ही तिच्याकडे गेलों. पांच स्पीकर तिच्या घरीं नव्हते. विद्यार्थ्यानें ते बरोबर नेऊन मांडले. दीड तास ती कांहीं बोलली नाहीं. मागल्या डाव्या बाजूनें एकदां दाद आली, तेव्हां मात्र तिनें मान वळवून पाहिलें. ती दाद तिच्या आईची होती. तिच्या आईचा आवाज दुसऱ्या कोणत्याहि फितींत नाहीं, असें तिनें मागाहून सांगितलें. प्रसिद्धीस तिनें नकार दिला. मध्यंतरींच्या ठुमरींत वडिलांचा श्वास पुरलेला नाहीं, हें तिचें कारण. दोन मूळ कॅसेटी ज्यांच्या त्यांस परत केल्या. जुळविलेल्या गाण्याच्या तीन प्रती झाल्या, त्यांतील एक तिच्याजवळ आहे, आणि प्रत्येकीच्या वेष्टणावर कोणता भाग कोणत्या कॅसेटींतून घेतला, तें मिनिटा-सेकंदांनिशीं लिहून ठेवलें आहे.