दूरस्थ गुरू आणि जवान

खांद्यावर बंदूक घेऊन कवायत करणारा जवान, हेच सैन्याचे चित्र लोकांच्या मनात अजून ठसलेले आहे. वस्तुतः आजच्या जवानाला रडार दुरुस्त करावे लागते, विमानाच्या विद्युत्-यंत्रणेतील दोष हुडकावे लागतात. हे कसब 'सावधान-विश्राम'च्या तालावर शिकवता येत नाही. त्यातून जवान एका जागी थोडाच राहतो! आज बेळगावच्या केंद्रात, तर उद्या हिमशिखरावरील ठाण्यात. गुरुजी त्याच्यामागोमाग कोठवर जाणार? टपालाने सर्वांना एकच पुस्तिका धाडणे हा जुना उपाय होय. पण शिष्य कोठे अडखळला, हे पुस्तिकेला कळत नाही.

ते कळणाऱ्या पाठाची कल्पनाही तशी जुनीच. अमेरिकन हवाई दलाच्या तंत्रज्ञांसाठी काम करताना नॉर्मन क्राउडर यांनी १९५० च्या दशकात 'शाखायुक्त' पाठ रचले. उत्तर चुकले की त्याच चुकीचा उलगडा करणाऱ्या पानावर विद्यार्थ्याला न्यायचे, ही त्यातील युक्ती. पुढे १९८० च्या दशकात पिट्सबर्ग विद्यापीठातील ॲलन लेसगोल्ड व सहकाऱ्यांनी एफ-१५ विमानांच्या कर्मशाळेसाठी 'शेरलॉक' नावाचा संगणकीय शिक्षक घडविला. तो उत्तर सांगून मोकळा होत नसे. शिष्य अडला तर तेवढ्यापुरता इशारा देई आणि शेवटी कसलेल्या तंत्रज्ञाने तोच दोष कसा शोधला असता, ते शेजारी मांडून दाखवी. प्रत्यक्ष कर्मशाळेत बिकट दोष क्वचितच येतात. येथे ते एकामागून एक पुढ्यात येत. २०-२५ तासांच्या सरावाने सुमारे चार वर्षांच्या अनुभवाइतके नैपुण्य येते, असे चाचण्यांत आढळले.

मात्र ही विद्या यंत्राची नव्हती. मुरलेल्या तंत्रज्ञांना बोलते करून, त्यांच्या विचाराची वाट टिपून ती यंत्रात भरलेली होती. आपल्याकडे असे कितीतरी सुभेदार व नौसैनिक निवृत्त होऊन गावी परततात आणि त्यांच्या बोटांतले ज्ञान परसातल्या माडांखाली विसावते. आम्हांस खंत वाटते ती याची. संगणक निविदा काढून मिळतो. हे ज्ञान तसे मिळत नाही.

गारठलेल्या बोटांनी, तोफांच्या आवाजात स्क्रू फिरवण्याची सवय पडद्यावर लागणार नाही, हे आम्हांस मान्य आहे. खोल समुद्रातील जहाजाला किनाऱ्याशी सदैव संपर्क मिळेल असेही नाही, म्हणून पाठ जहाजावरच साठवलेला हवा. पण निवृत्तीला टेकलेल्या प्रत्येक निष्णात तंत्रज्ञाचे अखेरचे काही महिने पाठ रचणाऱ्यांसोबत घालविण्यास कोणती अडचण आहे? संरक्षण खात्याने निवृत्तिवेतनाचे कागद तयार करतानाच याचीही नोंद करावी.