कोगनोळीच्या अलीकडचा आणि पलीकडचा घरखर्च

नोव्हेंबर 2021 च्या दिवाळीत केंद्राने उत्पादन शुल्क पेट्रोलवर 5 आणि डिझेलवर 10 रुपयांनी उतरवलं. कर्नाटकाने लगेच आपल्या करात आणखी 7-7 रुपये सोडले, महाराष्ट्राने तेव्हा काहीच सोडलं नाही. त्या हिवाळ्यात लिटरभर पेट्रोल मुंबईत 109 रुपये 98 पैशांना, तर बेंगळुरूत 100 रुपये 58 पैशांना मिळत होतं. राजधानीतल्या माणसाला हे आकडे पेपरात वाचण्यापुरते. महाराष्ट्रातल्या कागल आणि कर्नाटकातल्या निपाणीच्या माणसाला मात्र हा फरक रोज गाडीवर बसल्यावर जाणवायचा. कागलच्या दुचाक्या टाकी भरायला हद्दीपलीकडच्या कोगनोळीकडे यायच्या.

निपाणीहून कोल्हापूर साधारण 40 किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट. त्यामुळे जिल्हा बेळगाव असला तरी दवाखाना, लग्नाचा बस्ता आणि पाहुणे कोल्हापूरकडे. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत निपाणी भागातली पोरं कामाला जातात. निपाणीचं म्हणून ओळखलं जाणारं देवचंद कॉलेज पत्त्याने अर्जुननगरात, म्हणजे कागल तालुक्यात, आणि संलग्न शिवाजी विद्यापीठाशी. 1 नोव्हेंबर 1956 रोजी आखलेल्या रेषेने राज्यं वेगळी झाली, संसार नाही. म्हणून इथला घरखर्च मांडायचा तर दोन्ही राज्यांचे निर्णय शेजारी ठेवूनच मांडावा लागतो.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि साबण, कापड, सिमेंट यांवरचा कर दोन्हीकडे सारखा झाला. पेट्रोल, डिझेल, दारू आणि वीज मात्र त्याच्या बाहेर राहिली. फरक उरला तो याच खात्यांत, आणि तोही एका जागी थांबला नाही. जुलै 2022 मध्ये महाराष्ट्राने पेट्रोलवर 5 आणि डिझेलवर 3 रुपये सोडले. जून 2024 मध्ये कर्नाटकाने विक्रीकर वाढवला. त्यानंतर बेंगळुरूत पेट्रोल 102 रुपये 86 पैसे झालं आणि मुंबईत ते 103 रुपये 44 पैशांवर उतरलं. अडीच-तीन वर्षांत नऊ रुपयांचं अंतर साठ पैशांच्या आत आलं. एप्रिल 2025 मध्ये कर्नाटकाने डिझेलवरचा कर पुन्हा वाढवला, तेव्हा बेंगळुरूचं डिझेल मुंबईच्या वर गेलं. त्याच महिन्यात कर्नाटकातलं नंदिनी दूधही लिटरमागे 4 रुपयांनी महागलं. ‘कर्नाटकात सगळं स्वस्त’ हे वाक्य आमच्याकडे अजून सवयीने बोललं जातं, पण त्याला आता फारसा आधार राहिलेला नाही.

या काळातला खरा बदल बाजारातला नाही, तो बायकांच्या बँक खात्यातला आहे. कर्नाटकात 11 जून 2023 पासून ‘शक्ती’ योजनेखाली राज्यातल्या महिलांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट झाला, जुलैपासून ‘गृहज्योती’त 200 युनिटपर्यंतची घरगुती वीज माफ झाली आणि ऑगस्टअखेर ‘गृहलक्ष्मी’चे महिन्याला 2000 रुपये सुरू झाले. महाराष्ट्राने मार्च 2023 मध्ये एसटीत महिलांना निम्मं तिकीट केलं आणि 2024 च्या राखीच्या तोंडावर ‘लाडकी बहीण’चे महिना 1500 रुपये खात्यात टाकायला सुरुवात केली.

आता निपाणीची लेक कागलला दिलेली असेल, तर दोन घरांचा हिशेब पाहा. तिच्या माहेरी गृहलक्ष्मीचे दोन हजार येतात, पण ते रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख असलेल्या बाईच्या, म्हणजे बहुधा तिच्या आईच्या नावावर. भावजयीला वेगळं काही नाही. सासरी मात्र नियमात बसत असेल तर लेकीला स्वतःचे पंधराशे मिळतात, आणि सासू पासष्टच्या आत असली तर तिलाही. लेकीचा जन्म परराज्यातला असला तरी नवऱ्याची कागदपत्रं चालतात. म्हणजे विजेचं बिल माहेरी हलकं आणि हातातला पैसा सासरी जास्त. भाऊबीजेला नणंद-भावजय एकत्र बसल्या की बोलणं इथवर येतंच, आणि दोघींपैकी कुणाचं बरं चाललंय हे एका आकड्यात सांगता येत नाही.

सवलती हद्दीवर येऊन थांबतात, याचा मात्र मला खरोखर राग येतो. शक्ती योजना आंतरराज्य बसला लागू नाही. एसटीची अर्धी सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच. त्यामुळे निपाणीत लाल परीत चढलेल्या बाईला हद्दीपर्यंत पूर्ण तिकीट आणि पुढे अर्धं. जानेवारी 2025 मध्ये कर्नाटकाने बसभाडं 15 टक्क्यांनी वाढवलं, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्राने 14.95 टक्क्यांनी. कामासाठी रोज ये-जा करणाऱ्या पुरुषांना दोन्हीकडची वाढ सोसावी लागली.

बस चालू असते तेव्हाची ही गोष्ट. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा दाखला मागत होते. डिसेंबर 2022 मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या वाहनांवर दगड पडले आणि बस थांबल्या. फेब्रुवारी 2025 मध्ये बेळगावजवळ कंडक्टरला मारहाण झाली, त्यानंतर पुन्हा थांबल्या. अशा दिवसांत खासगी वडाप पकडून नाक्यापर्यंत जायचं, चालत पलीकडे जायचं आणि तिथून दुसरं वडाप धरायचं. मागतील ते भाडं द्यायचं. रोजंदारीवरच्या माणसाचा त्या दिवसाचा निम्मा पगार यातच जातो, आणि हा खर्च कुठल्याही महागाई निर्देशांकात दिसत नाही.

दवाखान्याचंही तसंच. 2023 मध्ये महाराष्ट्राने महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू केली, तेव्हा कर्नाटकाने त्याला कडाडून विरोध केला. वाद कायद्याचा असेल, सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून सीमाप्रश्नाचा दावा चालूच आहे. पण ऑपरेशनचा खर्च समोर असलेल्या घराला मदत कुठल्या सरकारची, याने काय फरक पडतो?

सीमाप्रश्नाचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. तोवर दोन्ही परिवहन महामंडळांनी निपाणी-कोल्हापूर आणि बेळगाव-कोल्हापूर या मार्गांवर महिलांची सवलत शेवटच्या थांब्यापर्यंत द्यावी, आणि कुठल्याही तंट्यात या मार्गांवरच्या बस बंद करू नयेत. त्यासाठी दोन खात्यांतला एक करार पुरेसा आहे.