जुन्या संगणकांतील फ्लॉपी चकत्यांचा मेळ

ज्या घरांत इ. स. १९९० च्या सुमारास संगणक आला, त्या घरांतील एखाद्या कपाटाच्या तळाशीं आजही कागदी पाकिटांत जपलेल्या काळ्या, चौकोनी फ्लॉपी सांपडतात. कोणाच्या फ्लॉपींत वडिलांनीं टंकिलेलीं पत्रें असतात, कोणाच्या दुकानाचा हिशेब, तर कोणाच्या एखाद्या पुस्तकाच्या मजकुराची एकुलती एक प्रत. "जुना ड्राइव्ह मिळाला तर हें उघडेल ना?" असें मुलें विचारितात. या प्रश्नास एका शब्दांत उत्तर देतां येत नाहीं. आणि घाईनें 'होय' म्हटल्यास जें शिल्लक आहे तेंही नाहींसें होण्याचा संभव असतो. म्हणून हा विषय येथें थोडा विस्तारानें मांडीत आहें.

फ्लॉपीच्या वेष्टनाच्या आंत पातळ व लवचिक प्लास्टिकची वाटोळी चकती असते आणि तिच्यावर चुंबकित होणाऱ्या कणांचा लेप असतो. ड्राइव्हमध्यें चकती फिरत असतां एक इवलासा विद्युच्चुंबक तिला टेकलेला असतो. त्यास 'हेड' म्हणतात. हेड लेपांतील कणांना एका किंवा उलट दिशेनें चुंबकित करितें, हेंच लिहिणें. ग्रामोफोनच्या तबकडीवरील रेषा एकच असून ती आंत आंत वळत जाते. फ्लॉपीवर मात्र एकाच मध्याभोवतीं काढलेलीं निरनिराळीं वर्तुळें असतात. अशा प्रत्येक वर्तुळास 'ट्रॅक' व त्याच्या तुकड्यांस 'सेक्टर' म्हणतात. डोळ्यांस चकती कोरीच दिसते.

आय. बी. एम. कंपनीची आठ इंची फ्लॉपी १९७१ सालीं निघाली, शुगार्ट कंपनीची सव्वापांच इंची १९७६ सालीं, आणि पुढील दशकांत सोनी कंपनीची साडेतीन इंची सर्वत्र पसरली. मापच निराळें असेल तर कोणी फसत नाहीं, कारण मोठी चकती लहान फटींत शिरतच नाहीं. खरा घोटाळा होतो तो चकती फटींत बेमालूम बसते तेथें.

याचें सर्वांत बोधप्रद उदाहरण आय. बी. एम.च्याच संगणकांत सांपडतें. १९८१ सालच्या 'पी. सी.' या संगणकांत सव्वापांच इंची चकतीच्या एकाच बाजूवर ४० ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकवर ८ सेक्टर व प्रत्येक सेक्टरांत ५१२ बाइट, म्हणजे एकंदर १६० किलोबाइट मजकूर मावे. पुढें दोन्ही बाजू वापरांत आल्या, १९८३ सालीं सेक्टर ९ झाले, आणि ३६० किलोबाइटांची चकती रूढ झाली. १९८४ सालीं त्याच कंपनीनें 'ए. टी.' हा संगणक काढिला. त्याची फ्लॉपी त्याच मापाची, पण ती १.२ मेगाबाइटांची, कारण तेवढ्याच जागेंत आतां ४० च्या ऐवजीं ८० ट्रॅक बसविले होते. अर्थात् प्रत्येक ट्रॅक अरुंद झाला. जुन्या ड्राइव्हचें हेड सुमारें एकतृतीयांश मिलिमीटर रुंदीचा पट्टा लिही. नव्याचें हेड त्याच्या निम्म्याच रुंदीचा लिहूं लागलें.

आतां पाहा काय होतें तें. जुनी ३६० किलोबाइटांची चकती नव्या ड्राइव्हमध्यें घातली तर हेड एकेक ट्रॅक सोडून दोन-दोन पावलें टाकितें. रुंद पट्ट्याच्या आंत अरुंद हेड सहज मावतें, आणि वाचन बिनचूक होतें. नवा ड्राइव्ह मिनिटास ३६० फेरे घेतो व जुना ३००, पण त्या फरकाची सोय संगणकाच्या नियंत्रकांत केलेली असते. येथपर्यंत सर्व ठीक.

अडचण उत्पन्न होते ती लिहितांना. अरुंद हेड रुंद पट्ट्याच्या मधोमध नवा मजकूर लिहितें. परंतु दोहों कडांना जुन्या मजकुराची किनार तशीच राहते. फळ्यावर खडूची जाड रेघ ओढावी, तिच्यावरून निम्म्या रुंदीचें डस्टर एकदांच फिरवावें, आणि पुसलेल्या जागीं नवें अक्षर काढावें, तसा हा प्रकार आहे. नव्या ड्राइव्हला आपण लिहिलेलें मधलें तेवढें दिसतें, म्हणून तो निःशंकपणें वाचतो. तीच चकती जुन्या ड्राइव्हमध्यें नेली कीं रुंद हेडाखालीं नवें व जुनें एकदमच येतें आणि 'वाचतां येत नाहीं' असा निरोप पडद्यावर उमटतो. चकती खराब झाली असें समजून पुष्कळांनीं अशा चकत्या टाकून दिल्या आहेत.

खरडलेल्या लेखनाचें असें मागें उरणें मुद्रणकलेपूर्वींही ठाऊक होतें. पॅरिस येथील राष्ट्रीय ग्रंथालयांत पांचव्या शतकांतील ग्रीक पवित्र शास्त्राची एक चर्मपत्री प्रत आहे. बाराव्या शतकांत कोणीं तिच्यावरील मजकूर खरडून वर एफ्राईम या सीरियन धर्मगुरूचे लेख उतरविले. तरी खालील अक्षरें पुरतीं गेलीं नव्हतीं, आणि टिशेनडोर्फ या जर्मन पंडितानें १८४० नंतरच्या वर्षांत तीं वाचून छापिलीं. पंडिताला जें वरदान ठरलें तेंच बिचाऱ्या ड्राइव्हला विघ्न होतें, इतकाच भेद.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. दोष नव्या लेखनाचा नसून खालच्या जुन्याचा आहे. म्हणून पूर्वीं कधींही न लिहिलेली कोरी चकती नव्या ड्राइव्हमध्यें ३६० किलोबाइटांच्या पद्धतीनें प्रथमच तयार केली, तर जुना ड्राइव्ह ती बहुधा वाचतो. कारण कडांना कांहींच नसतें.

रुंदीप्रमाणेंच लेपाचाही प्रश्न आहे. १.२ मेगाबाइटांच्या चकतीचा लेप चुंबकित करण्यास ३६० किलोबाइटांच्या चकतीच्या सुमारें दुप्पट जोर लागतो. त्यामुळें स्वस्त चकतीवर जास्त मजकूर भरण्याची युक्ति सव्वापांच इंचींत साधत नसे. साडेतीन इंचींत ७२० किलोबाइट व १.४४ मेगाबाइट या दोन जातींच्या लेपांत अंतर थोडें, आणि मोठ्या जातीची खूण म्हणजे कोपऱ्यांतील एक जादा भोंक. तेव्हां कित्येकांनीं लहान जातीच्या फ्लॉपीस भोंक पाडून ड्राइव्हला चकविलें. असा मजकूर कांहीं काळ टिके, मग दगा देई. या दोन जातींत ट्रॅकची रुंदी मात्र एकच, म्हणून ७२० ची फ्लॉपी १.४४ च्या ड्राइव्हमध्यें खुशाल वाचावी. (२ × ८० × १८ × ५१२ म्हणजे १४,७४,५६० बाइट होतात. यांतून '१.४४ मेगाबाइट' कसे निघाले हें गणिताच्या विद्यार्थ्यांनीं शोधून पाहावें; कंपन्यांनीं एकदां १०२४ नें व एकदां १००० नें भागिलें आहे.)

निरनिराळ्या कंपन्यांची लिहिण्याची रीतही वेगळी होती. १९८४ सालच्या मॅकिंटॉशमध्यें साडेतीन इंची फ्लॉपीच असे, पण बाहेरील ट्रॅकवर चकती सावकाश व आंतील ट्रॅकवर जलद फिरविली जाई, पी. सी.च्या ड्राइव्हची गति एकच, म्हणून त्या ४०० किंवा ८०० किलोबाइटांच्या फ्लॉपी त्याला वाचतां येत नाहींत. ॲमिगा हा संगणक संपूर्ण ट्रॅक एका दमांत लिही. त्याला पी. सी.ची फ्लॉपी वाचावयास शिकवितां येई, उलट पी. सी.च्या नियंत्रकास ॲमिगाची फ्लॉपी उमगत नसे.

तेव्हां ज्यांच्या घरीं जुन्या फ्लॉपी असतील त्यांनीं ड्राइव्ह शोधण्यापूर्वीं लेखन बंद करावें. सव्वापांच इंचीच्या बाजूस एक चौकोनी खांच असते. ती अपारदर्शक चिकटपट्टीनें झांकली म्हणजे लेखन बंद होतें. साडेतीन इंचीचा नियम उलटा आहे : सरकती खिटी हालवून भोंक उघडें ठेवावें. नंतर चकतीवर बुरशीचे डाग आहेत काय तें उजेडांत पाहावें, कारण आपल्या दमट पावसाळ्यांत ती हमखास धरते. तशी चकती फिरविल्यास लेप खरवडला जातो व हेडही मळतें. डाग असल्यास ती जाणत्याकडेच द्यावी.

बाजारांतील यू. एस. बी. जोडणीचे ड्राइव्ह साडेतीन इंचीचेच असून ते साधारणपणें पी. सी.च्या ७२० व १.४४ या जातींपलीकडे जात नाहींत. मॅकिंटॉशच्या जुन्या किंवा ॲमिगाच्या फ्लॉपीसाठीं 'ग्रीजवीझल' सारखें लहानसें यंत्र जुन्या ड्राइव्हला जोडितात. तें सेक्टरांचा अर्थ लावीत न बसतां चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपून घेतें, आणि अर्थ मागाहून संगणकावर लावितां येतो. सोनी कंपनीनें जपानांतील फ्लॉपींची विक्री २०११ सालीं थांबविली, आणि चालू स्थितींतील ड्राइव्ह दरवर्षीं कमीच होत आहेत. हें काम पुढच्या सुटीवर ढकलूं नये. प्रथम संपूर्ण फ्लॉपीची नक्कल उतरून घ्यावी, आणि फायली उघडण्याची खटपट त्या नकलेवरच करावी.