विजेची मोटार : किंमत, बटणे आणि पिक-अप



ऊस बिलाचा हप्ता बँकेत जमा झाला की गट ऑफिसात लागणीच्या नोंदींबरोबर हल्ली आणखी एक विषय हटकून निघतो, तो म्हणजे विजेवर चालणारी मोटार. "साहेब, घ्यावी का?" असे विचारणारे सभासद आणि "दादा, घेऊनच टाकू" म्हणणारी त्यांची पोरे, दोघेही आमच्याकडेच बघतात. आमचे खाते उसाचे, मोटारीचे नव्हे. पण बेणे निवडताना किंवा पंप घेताना आपण जी चिकित्सा करतो तीच इथे लावली तर बरेचसे उलगडते. म्हणून किंमत, आतली बटणे आणि पिक-अप या तीन बाबींवर बाजारातल्या गाड्या ताडून पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम किंमत. खाली दिलेले आकडे त्या त्या गाडीच्या बाजारात आल्या वेळच्या शोरूम किमतीचे आहेत. पुढे त्यात फेरफार झालेला आहे, तेव्हा आजचा भाव डीलरकडून लेखीच घ्यावा. टाटांची टिआगो सप्टेंबर २०२२ मध्ये ८ लाख ४९ हजारांपासून निघाली. एम. जी. कंपनीची दोन दारांची छोटी कॉमेट २०२३ मध्ये ७ लाख ९८ हजारांना आली. टाटांची नेक्सॉन २०२० साली सुमारे १४ लाखांपासून होती, ती २०२३ मध्ये नव्या रूपात १४ लाख ७४ हजारांपासून आली. महिंद्रांची बीई ६ नोव्हेंबर २०२४ मध्ये १८ लाख ९० हजारांची म्हणून जाहीर झाली, पण तो भाव लहान बॅटरीचा. पोरांना जी हवी असते ती मोठ्या, म्हणजे ७९ युनिटच्या बॅटरीची, वरच्या प्रतीची गाडी २६ लाख ९० हजारांची. आणि घरी बसवायचा चार्जर त्याउपर निराळा. अमेरिकेच्या टेस्लाने जुलै २०२५ मध्ये मुंबईत दुकान थाटले. त्यांची मॉडेल वाय जवळजवळ ६० लाखांपासून. ती आपण वर्तमानपत्रातच बघावी.

विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे. पेट्रोलच्या लहान गाडीवर तो २८ टक्के व वर सेस असा होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे दोन्हींच्या किमतीतला फरक पूर्वीपेक्षा वेगळा झाला आहे. कोणी दोन वर्षांपूर्वीचा हिशेब सांगत असेल तर तो जसाच्या तसा धरू नये.

आता खरा हिशेब किलोमीटरचा. लहान विजेची गाडी एका युनिटमध्ये साधारण सात-आठ किलोमीटर जाते. युनिटला दहा रुपये धरले तरी किलोमीटरला दीड रुपयाच्या आत-बाहेर खर्च येतो. पेट्रोल शंभर रुपये लिटर आणि गाडी लिटरला अठरा किलोमीटर धरली तर साडेपाच रुपये पडतात. म्हणजे किलोमीटरमागे चार रुपये वाचले. परंतु ज्या सभासदाची गाडी महिन्याकाठी पाचशे किलोमीटरच फिरते, तालुक्याला बाजार, एखादे लग्न, एखादा दवाखाना, त्याचे दोनच हजार वाचतात. पेट्रोलच्या गाडीपेक्षा तीन लाख जादा घातले असतील तर ते फिटायला बारा वर्षे लागतील. ज्याचा दूध संकलनाचा किंवा द्राक्षाचा धंदा आहे आणि महिन्याला दोन हजार किलोमीटर होतात, त्याचे तेच पैसे तीन-सव्वातीन वर्षांत फिटतात. गाडी तीच, भाव तोच, पण एकाला परवडते आणि दुसऱ्याला नाही.

एम. जी. च्या विंडसर गाडीने सप्टेंबर २०२४ मध्ये नवीनच तऱ्हा काढली. बॅटरीसकट १३ लाख ५० हजार, आणि बॅटरी भाड्याने घेतल्यास ९ लाख ९९ हजार व किलोमीटरला साडेतीन रुपये भाडे. पुष्कळांना दहा लाखांच्या आतला आकडा दिसतो, साडेतीन रुपये दिसत नाहीत. दोन किमतींतला फरक तीन लाख एक्कावन्न हजार. साडेतीनने भागा, एक लाख किलोमीटर येतात. तितकी गाडी फिरली की फरक भरून झाला, आणि भाडे पुढे चालूच. शिवाय भाडे साडेतीन आणि वीज दीड-दोन, म्हणजे किलोमीटरला पाच रुपये झालेच. मग पेट्रोलपेक्षा वाचले काय? कमी फिरणाऱ्याला ही योजना सोयीची वाटेल, पण त्याने भाड्याला दरमहा किमान किती किलोमीटरचा करार आहे ते सहीच्या आधी वाचून घ्यावे.

दुसरी बाब आतल्या बटणांची. सभासद याकडे फारसे लक्ष देत नाहीत, आम्हांला मात्र ही फार महत्त्वाची वाटते. हल्ली गाडीत मोठा काचेचा पडदा बसवतात आणि पंखा, एसी, आरसे, दिवे सारे त्या पडद्यावर बोट लावून चालवायचे. शोरूममध्ये ते झकास दिसते. पण डिसेंबरात पहाटे पाण्याच्या पाळीला निघालात, आतून काच धुरकटली, समोरून उसाची गाडी येते आहे, आणि काचेवर वारा सोडायचे चिन्ह पडद्यावर शोधत बसायचे, हे कसे जमणार? बोटाला चिखल असला तर पडदा ऐकतही नाही.

ही आमची एकट्याची तक्रार नव्हे. २०२२ साली स्वीडनमधील वी बिलेगारे या मोटार मासिकाने याची चाचणी घेतली. ताशी ११० किलोमीटर वेगाने गाडी चालवताना एसी, रेडिओ वगैरे ठरावीक चार कामे करायला किती वेळ लागतो ते मोजले. २००५ सालच्या बटणांच्या जुन्या व्होल्वो गाडीत ती कामे दहा सेकंदांत झाली. पडद्याच्या गाड्यांपैकी सर्वांत मागे राहिलेल्या एम. जी. मार्व्हल आर या गाडीत जवळजवळ ४५ सेकंद लागले. तेवढ्या वेळात गाडी १,३७२ मीटर गेली. म्हणजे सव्वा किलोमीटरहून जास्त रस्ता अर्धवट लक्षात! युरोपात गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेनेही २०२६ पासून बाजूदिवे, धोक्याचे दिवे, वायपर, हॉर्न व मदतीचा कॉल यांना हाताने चालणारी बटणे नसतील तर पुरते गुण देऊ नयेत असे ठरविले.

या कसोटीवर टिआगो आणि कॉमेट या स्वस्तातल्या गाड्या उजव्या ठरतात. दोन्हींत एसीला हाताला लागणारी बटणे आहेत. २०२३ च्या नेक्सॉनमध्ये एसीची पट्टी गुळगुळीत आहे, पण गारवा व पंखा कमी-जास्त करायला दोन खटके ठेवले आहेत, चालेल. विंडसरमध्ये बाहेरचे आरसेसुद्धा १५.६ इंची पडद्यातून फिरवायचे आहेत. बीई ६ मध्येही एसीचा कारभार पडद्यावरच. टेस्लाने तर गिअरही पडद्यावर नेला आहे. जास्त पैसे मोजून कमी बटणे मिळतात, असा हा उफराटा बाजार आहे.

राहिला पिक-अप. इंजिनाचा पंप आणि मोटरपंप आपण दोन्ही वापरले आहेत. इंजिनाला आधी फेरे घ्यावे लागतात, मग जोर येतो. मोटरला खटका दाबताक्षणीच जोर असतो. गाडीतही तेच. गिअर नाही, क्लच नाही, पाय दाबला की गाडी सुटलीच. टिआगो शून्यापासून ६० चा वेग ५.७ सेकंदांत घेते. नेक्सॉन शून्य ते १०० ला ८.९ सेकंद, बीई ६ मोठ्या बॅटरीची ६.७ सेकंद, टेस्लाची मागच्या चाकांवर चालणारी मॉडेल वाय ५.९ सेकंद, हे कंपन्यांनी दिलेले आकडे आहेत. ट्रॅक्टर आणि दोन ट्रेलर यांच्या पुढे जायचे तर टिआगोचा जोर पुरेसा आहे. ६.७ सेकंदांसाठी सतरा-अठरा लाख जादा मोजायचे, आणि शंभरचा वेग घ्यायला आपल्या कारखाना रस्त्यावर जागा कुठे आहे, ते कोणी सांगावे.

उलट हंगामात या जोराची भीतीच वाटते. रस्त्याकडेला तोडणी टोळ्यांच्या कोप्या असतात, त्यांची लहान मुले रस्त्यातच खेळत असतात. रात्री बैलगाड्यांना मागे दिवा नसतो. त्यातून ही गाडी आवाज करीत नाही. बैलाला नाही कळत, पोराला नाही कळत. शंभराच्या वेगात गाडी एका सेकंदाला २८ मीटर जाते. म्हणून गाडीतली वेगाची मोड बघून घ्या. टिआगोत सिटी आणि स्पोर्ट, बीई ६ मध्ये रेंज, एव्हरीडे आणि रेस अशा आहेत. घरातल्या तरुणाच्या हाती चावी देताना स्पोर्ट किंवा रेस लावायची नाही, हे हंगामापुरते तरी बजावून सांगावे.

काही सभासद असेही म्हणतात की पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आपल्या उसाचे, मग विजेची गाडी घेणे म्हणजे आपल्याच मालाला पाठ दाखवणे. पण बगॅसवर वीज करून ती ग्रीडला देणारे साखर कारखानेही आहेतच. तेव्हा या मुद्द्यावर भांडण नको.

चार्जिंगबाबत मात्र सक्त सूचना. शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी लावू नये. तिचा दर शेतीसाठीचा आहे, दुसऱ्या कामाला वापरल्यास दंडाची कारवाई होते, आणि तिथली वीज पाळीने येते ती वेगळीच. घरगुती मीटरवर स्वतंत्र तार ओढून १५ अँपिअरचा पॉइंट करावा. टिआगोच्या २४ युनिटच्या बॅटरीला त्यावर आठ-नऊ तास, म्हणजे रात्रभर लागते. घराचा मंजूर भार आधी वायरमनकडून तपासून घ्यावा, आणि अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालायला विसरू नये.